चाळिसांतली एक

"अशा फक्त चाळीस निघाल्या," म्हातारा व्हॅनवर हात फिरवत म्हणाला. "व्हॅन म्हणून रग्गड निघाल्या हो. पण उंच टप, सरकतं दार आणि चारही चाकांना इंजिनाचा जोर, हे तिन्ही एकत्र फक्त चाळिसांत."

गिऱ्हाईक मान डोलवत ऐकत होतं. मागच्या खेपेला हा आकडा नव्वद होता, त्याआधी दोनशे. या अंगणात कारखाना उलटा चालायचा, दर भेटीला गाड्या कमी व्हायच्या. पण आपल्या मालाचं कौतुक आपणच नाही करायचं तर कुणी? गिऱ्हाइकानं कधी चूक काढली नाही.

"चारही चाकांना जोर देणारा तो दांडा अडकतो का?"

"अहो, एका बोटानं पडतो! बसून बघा."

दांडा अडकला. गिऱ्हाइकानं तो जरासा मागं ओढून पुढं ढकलला, तेव्हा बसला.

"हात सराईत आहे तुमचा," म्हातारा खूश झाला.

"मग, देता का गाडी?"

हा प्रश्न नेहमीचा, आणि उत्तरही ठरलेलं: छे, मुलासाठी ठेवलीय, येईल तो. आज मात्र म्हातारा पायरीवर बसला. चहा घेऊन आलेली त्याची बायको दारातच थांबली.

"घेऊन जा," तो म्हणाला. "पोरगा काही यायचा नाही आता. किती वाट बघायची माणसानं?" त्यानं खिशातून किल्ली काढून पुढं धरली.

इतके हेलपाटे घातल्यावर आयती किल्ली समोर आली होती. पण गिऱ्हाइकाचा चेहरा पडला. त्याला फार वाईट वाटलं. त्यानं किल्ली म्हाताऱ्याच्याच हातात ठेवून त्याची मूठ मिटली.

"नको. अजून थोडं थांबा. येईल तो."

"तुम्ही कुठं ओळखता त्याला?"

"अशी गाडी सोडून कोण राहील? चाळीसच तर निघाल्या."

म्हातारा विचारात पडला, मग हसला. "हेही खरंच. नाही देत मग. राग मानू नका."

"राग कसला त्यात!"

चहा झाला. म्हातारा फडकं घेऊन काचा पुसायला लागला. गुणगुणतही होता काहीतरी. बायको गिऱ्हाइकाला सोडायला फाटकापर्यंत आली. तिचे डोळे भरले होते.

"उद्या येशील ना रे?"

"येतो, आई. तोवर बाबांना दुसरं गिऱ्हाईक भेटू देऊ नकोस."