उघडणारा दिवा

दोनशे दिव्यांपैकी एकही लागेना.

तपासणीच्या टेबलाभोवती सगळा कारखाना गोळा झाला. शंभर दिवे गोंदाने कायमचे बंद केलेले, शंभरांना चार-चार स्क्रू. गोंद मालकांचा हट्ट, स्क्रू आराखडा काढणाऱ्या बाईंचा. दोन्ही करून पाहू आणि एक पक्कं करू, असं ठरलं होतं.

कालच दोघांची जुंपली होती.

"स्क्रूनं दिवा महागतो, बाई. गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं."

"आणि गोंदाचा बिघडला की थेट उकिरड्यात. बंद दिव्याला माहेर नसतं, साहेब."

"दिवा आहे हो तो, लेक नव्हे!"

तेव्हा सगळे हसले होते. आता कुणी हसेना. जुळणीवाल्या मावशींनी स्क्रूचा एक दिवा उघडला, चष्मा कपाळावर सारला.

"डायोड उलटा बसलाय, वीज पुढे जातच नाही. पण आम्ही कागदाबरहुकूमच बसवला बरं का."

कागद बाईंचा होता. त्यांनी तो उलगडून पाहिला; चूक त्यातच होती. छपाईवर ढकलता आलं असतं.

"डायोडची दिशा दाखवणारी रेघ मीच चुकीच्या टोकाला काढली," त्या म्हणाल्या.

मावशींनी नुसता पदर खोचला. "चला गं पोरींनो, बघत बसून का दिवे लागणारेत?"

चौघी बसल्या. स्क्रू सुटले, डायोड फिरले, कथलाचे डाग दिले गेले. दुपार कलता कलता एक दिवा लागला, मग दुसरा, मग वेलीवर कळ्या उमलाव्यात तसा टेबलभर उजेड उमलत गेला.

गोंदाचे दिवे छिन्नीशिवाय उघडेनात. छिन्नी लावली की कवचाबरोबर आतली डायोडची पट्टीही फुटे. दहा फोडून मावशींनी हात टेकले. शंभरच्या शंभर दिवे एकदाही न उजळता पोत्यात गेले.

मालक पोत्यापाशी बराच वेळ उभे राहिले. आता आपली नोकरी गेलीच, असं धरून बाईंनी टेबलाचा खण आवरायला घेतला.

"पुन्हा चुकणार नाही, असं लिहून देता?" मालकांनी विचारलं.

हो म्हणणं सोपं होतं. नोकरी त्या एका शब्दावर होती.

"नाही, साहेब. जपेन खूप. पण चुकेन कधीतरी."

मालकांनी आराखडा पुढे ओढला. 'गोंद' या शब्दावर आडवी काट मारली.

"मग स्क्रूच ठेवा," ते म्हणाले. "मीही चुकतोच की."