मांडाची हद्द

जीप थांबली आणि आत बसलेल्या रक्षानं कपाळावर हात मारला. लाडू ड्रायव्हरनं ती नेमकी मांडावर आणून उभी केली होती.

त्याची तरी काय चूक? शिगम्याला, म्हणजे होळीच्या सणाला, वाडी जिथं नाचते, भांडणतंट्याचा निवाडा जिथं बसून करते, ती ही मोकळी, सारवलेली जागा. ती कुठं सुरू होते हे इथल्या रांगत्या पोरालाही ठाऊक, म्हणून तिच्या कडेला साधा धोंडासुद्धा कुणी कधी रोवला नाही. परक्याला वाटावं, गाडी वळवायला बरं पटांगण आहे.

जोयड्यात झेरॉक्सचं दुकान सांभाळून रक्षा तालुक्याच्या वारसा समितीचं काम करायची. जुनी देवळं, वीरगळ, विहिरी नोंदवत रानोमाळ हिंडायची, तेही बिनपगारी. आई म्हणायची, लष्कराच्या भाकऱ्या भाजती आमची पोर. आज पहिल्यांदाच तिच्या स्वतःच्या वाडीची पाळी आली होती आणि तीही अगदी गळ्याशी आल्यावर. कागदोपत्री ही 'रिकामी जागा' होती. परवा इथं समुदाय भवनाचा पाया खणायचा होता. समितीनं आज नोंद केली तरच ते काम दुसरीकडं सरकणार होतं.

समितीचे प्रमुख प्रवीणसर हे रामनगरचे निवृत्त इंजिनिअर. ते बूट आपटत खाली उतरले. "कुठाय वास्तू?"

सगळी वाडी जमली होती. वाडीतल्या सगळ्यात थोर महाबळेश्वर आज्जानं घसा खाकरला. "तुमी हुबेच हायसा की त्येच्यावर."

सरांनी पायाखाली पाहिलं. मग चारी बाजूंना पाहिलं. "भिंत नाही, खांब नाही, एक चिरा नाही. रक्षा, मी लिहायचं काय? कुठून कुठवर?"

"हितनं तितवर," गर्दीतल्या बायजाक्कानं हात गोल फिरवून दाखवला.

"तितवर म्हणजे किती मीटर?"

बायजाक्कानं हात पुन्हा तसाच फिरवला. रक्षा पंधरा दिवस घोकलेलं भाषण आठवू लागली. सरांनी पेनाचं टोपण लावलं. झालं, संपलं, असं म्हणून तिनं मान खाली घातली आणि तिला माणसांचे पाय दिसले. सगळे अनवाणी. तिनं भर्रकन वळून पाहिलं. माणसांच्या मागं चपला होत्या. रबरी, चामड्याच्या, अंगठा तुटलेल्या, बायजाक्काच्या कोऱ्या करकरीत. जो जिकडून आला, त्यानं तिकडंच काढून ठेवलेल्या. आणि सगळ्या मिळून एक मोठं, आखल्यासारखं गोल रिंगण.

"सर!" ती किंचाळलीच. "हद्द! ती बघा, तुमची हद्द!"

सर बघत राहिले. "इथं काढायच्या म्हणून कुणी सांगितलं यांना?"

"सांगाय कशाला लागतंय?" आज्जा म्हणाला. "पायाला कळतंय न्हवं."

त्यानंतर जी धांदल उडाली ती काही विचारू नका. सरांनी खाली बसून बूट काढले आणि ते स्वतः कडेला नेऊन ठेवले. जीप सुरू केली तर सारवण उखडेल, म्हणून दहा-बारा गड्यांनी ती ढकलत बाहेर काढली. लाडू आत बसून चाक वळवत "सावकाश, सावकाश!" ओरडत होता. रक्षा टेप घेऊन या चपलेपासून त्या चपलेपर्यंत पळत होती, सर आकडे लिहीत होते आणि वाडीतली शाळकरी पारू प्रत्येक आकडा मोठ्यानं पुन्हा म्हणत होती. वाडीला तो काय कळला देव जाणे, पण दरवेळी शिट्ट्या पडत होत्या. रक्षाला तर हसू आणि रडू एकदमच येत होतं.

"म्हंजी झालं काय हो सर?" पारूनं विचारलं.

"तीनला सर्व्हेअर येतो. त्यानं नकाशा काढला की मी सही करतो. मग परवा इथं कुदळ लागत नाही."

असा ओरडा झाला की पलीकडच्या झाडावरची पाखरं उडाली. माथ्यावर ऊन आलं होतं. माणसं हसत-खिदळत जेवायला निघाली, चपलांकडं वाकली.

"थांबा!" सर ओरडले. "कुणी चप्पल उचलायची नाही! नकाशा होईतोवर हद्द हलता कामा नये!"

माणसं वाकल्या जागी थिजली. एकमेकांकडं बघू लागली.

"माझ्या कालच घेतल्यात सर," बायजाक्का काकुळतीला आली. "कुत्रं न्हील की वो."

"मी आहे ना इथं."

आणि तालुका वारसा समितीचे प्रमुख हातात काठी घेऊन, अनवाणी, चपला राखत बसले. वाडी पाय पोळत, उड्या मारत घराकडं पळाली.