अर्धीच ऊब

उबवणी यंत्राचं तापमान छत्तिसाच्या खाली आलं, तेव्हा आतल्या सहाशे अंड्यांचा एकोणिसावा दिवस होता. तालुक्याहून आलेला मेकॅनिक, "लाइटच कमी दाबाची आहे, यंत्राला काही झालं नाही," असं सांगून निघून गेला. बचत गटाच्या बायका हवालदिल झाल्या.

मालनने मीटर काढला. चाळिशीत आयटीआयला जाऊन ती वायरमन झाली होती. गावाला त्याचं अजून हसू येई. तिने व्होल्टेज मोजलं. चांगलं दोनशे तीस होतं. करंट मात्र दोनच अँपिअर. गुणाकार केला, चारशे साठ वॅट. यंत्राच्या पाटीवर नऊशे वीस लिहिलेले.

"बरोबर निम्मी पॉवर," ती म्हणाली. मग दोनशे तीसला दोनाने भागलं. "रेझिस्टन्स एकशे पंधरा ओहम. हा एका कॉइलचा झाला, काकू. आत दोन आहेत. दुसरी चालतच नाही."

"पण मेकॅनिक तर..." गटाच्या अध्यक्ष शेवंताकाकू घुटमळल्या.

"आकडे खोटं कशाला बोलतील?"

मेन स्विच बंद करून तिने झाकण उघडलं. दुसऱ्या कॉइलची वायर टोकाशी जळून तुटली होती. तिने ती नव्याने जोडली, स्विच दाबला. मीटरवर चार अँपिअर आले, आणि तासाभरात तापमान साडेसदतीसला पोचलं.

तिसऱ्या दिवशी खोलीभर चिवचिवाट झाला. शेवंताकाकूंनी पहिलं पिल्लू मालनच्या ओंजळीत ठेवलं, तेवढ्यात शेजारगावच्या गटाचा फोन आला. त्यांचंही यंत्र बिघडलं होतं.

"थांबा जरा," काकू ऐटीत म्हणाल्या, "आमच्या वायरमनबाईंचे हात गुंतलेत."