अकरावा दिवस

गोठ्यालगतच्या खोपीत कौशल्या बाहेर बसली, त्याला आज अकरा दिवस झाले होते. मागच्या खेपेला नऊ, त्याच्या आधी आठ. चंद्रभान कंटाळून बायकोचे दिवस मोजेनासा झाला होता, पण त्याचे चुलते रामराव विसरू देत नव्हते.

"जगाच्या बायका चौथ्या दिवशी न्हातात," ते म्हणाले होते. "लग्नाले सहा वर्सं झाले. हिची कूस काई उजवत नाई. नांदगाव खंडेश्वरची एक पोरगी पाह्यली म्या. वेचणी आटोपली का घरात आणू."

सातासमुद्रापलीकडे कुठंशी लढाई पेटली होती आणि तेव्हापासून विलायतेला वऱ्हाडचा कापूस पुरत नव्हता. बोंडं फुटून लोंबत होती, वेचायला माणूस मिळत नव्हतं. चंद्रभान दिवसभर वेचायचा, गाड्या भरून अमरावतीला धाडायचा. घरी आला की कोणाशी बोलायचंही त्राण उरत नसे.

बाप जाऊन पंधरा वर्षं झाली होती. माय, सुभद्राबाई, घर आणि शेत दोन्ही ओढत होती. सुनेचं ताट तीच खोपीत न्यायची, विटाळाच्या कापडाच्या घड्या तीच पहाटे नाल्यावर धुवायची. वाळून काटकी झाली होती. वेचता वेचता कमरेवर हात देऊन बांधावर टेकायची. सवतीचा विषय निघाला तेव्हा मात्र ती ताठ उभी राहिली.

"तिच्यावर दुसरी आणली, तं मी ह्या घरचं पाणी पेणार नाई."

"अन् वंशाचं काय, माय?"

"ते मले नको सांगू. तिच्यायेवढं माह्यं कोणी केलं नाई."

म्हणून माय शेतात गेल्याचं पाहून चंद्रभानने गाडी जुंपली आणि कौशल्येला दाखवायला शेजारच्या गावाहून पार्बताबाई सुईणीला आणलं. पंचक्रोशीतली निम्मी पोरं तिच्याच हातावर जन्मली होती.

ती वाकून खोपीत शिरली. बऱ्याच वेळाने बाहेर आली, तेव्हा तिच्या हातात मडकं होतं. त्यात भिजत घातलेल्या घड्या होत्या.

"इकडं ये. पाय. नाक नको धरू."

चंद्रभानने पाहिलं. मांस धुतल्यासारखं फिकट पाणी होतं, आणि वास असा की तो पाऊलभर मागे सरला.

"हे विटाळाचं रगत नोय," पार्बताबाई म्हणाली. "थांबलं वाटते, अन् पुन्हा लागते. मंग ओटीपोटात कळा येतात, कंबर धरते, अंग झडत जाते. बायका लाजेनं दडवतात. म्या अशा पाच जणी पाह्यल्या."

"काय असते हे?"

"पिशवीत गाठ धरते. आतल्या आत सडते."

"अन् त्या पाच जणी?"

पार्बताबाईने राखेने हात घासले. "एकही नाई राह्यली. पयलं रगत दिसलं तवाच कोणी बोललं असतं, तं निदान त्याइच्या जिवाले आराम तं भेटला असता."

चंद्रभानला आता आठवत गेलं. दोन महिन्यांपासून कौशल्या ताट पाहून तोंड फिरवत होती, चेहरा उतरला होता. कामाच्या दिवसांत सोंग करते म्हणून तो तिच्यावर खेकसला होता.

"किती दिस?" त्याने विचारलं.

"ह्या हंगामाचा कापूस सरेल. पुढचं सांगता येत नाई."

"काकाले सांगतो, दुसरी नको. हाय तवर मीच करीन तिचं सगळं." मग हळू आवाजात म्हणाला, "कौशल्येले ठाव हाय हे?"

"हाय. तुले सांगू नको म्हणून पाय धरले तिनं माह्ये."

"काहून?"

खोपीतून हुंदका ऐकू आला. पार्बताबाईने पदराला हात पुसले.

"धनी जाऊन पंधरा वर्सं झालेल्या, विटाळ सरलेल्या बाईले रगत दिसलं, तं गाव पोट पाडलं म्हणते, तुले ठाव हाय. म्हणून पोटात चौथा महिना असून ही पोरगी तिच्या बदली बाहेर बसली. ह्या घड्या तुह्या मायच्या हायत."