चौथं नाव

तक्रार समितीच्या फोल्डरपुढे तीनच नावं असायला हवी होती. यादीत चार होती. चौथं साहेबांचं.

तिने ती ओळ पुन्हा वाचली. कचेरीचा जुना सर्व्हर आज बंद व्हायचा होता. फाइली सकाळीच नव्यावर गेल्या होत्या. पण कुठलं फोल्डर कोणी उघडायचं, त्या परवानग्या वेगळ्या उतरवून घ्याव्या लागतात आणि नव्या जागी पुन्हा बसवाव्या लागतात. नाहीतर सामान पोचतं नि किल्ल्या मागेच राहतात. दुपारभर ती तेच करत होती.

दीड वर्षापूर्वी तिची थोरली बहीण याच कचेरीत नकाशे काढायची. साहेबांविरुद्ध तिने चार पानी तक्रार दिली. सुनावणीला साहेब ओळीओळीचं उत्तर तयार करून आले. तक्रार आधीच वाचलीत का, असं विचारल्यावर त्यांनी लिहून दिलं, ‘समितीचं फोल्डर मला उघडतच नाही.’ ताई खोटी ठरली. नोकरी सोडून घरी बसली. आता दाराची बेल वाजली की ती आधी आतल्या खोलीत जाते.

आणि ही परवानगी दिली कोणी, तेही तिला लख्ख आठवलं. सुनावणीच्या आधी, रजेच्या नोंदी पाहायच्यात म्हणून साहेबांचा फोन आला होता. तिचा डबा उघडलेला होता. एकेक फोल्डर कोण शोधत बसणार, म्हणून तिने वरूनच मोकळीक दिली. वरच्या फोल्डरला दिलेली परवानगी खालच्या सगळ्यांपर्यंत झिरपते. खाली समितीचं फोल्डर होतं.

ती ओळ खोडली असती तर साहेब सुटले असते, आणि तीही. तिने खोडली नाही. यादी जशीच्या तशी नव्या सर्व्हरवर चढवली, एकतीस पानं छापली आणि साहेबांच्या केबिनमध्ये गेली.

“जुन्यावर जे होतं तेच नव्यावर आलंय. तपासून प्रत्येक पानावर सही लागेल, साहेब.”

साहेबांनी पेन उघडलं. “सगळी पानं?”

“घाई नाही. वाचून करा.”

“वाचायला वेळ कुणाला आहे?” ते भराभर पानं उलटत गेले. समितीच्या फोल्डरची ती ओळ असलेल्या तेविसाव्या पानावरही सही झाली. मग मान वर न करता म्हणाले, “बहीण कशी आहे तुमची?”

“बरी आहे. तुमची फार आठवण काढते.”

साहेब हसले. एकतिसावी सही झाली.

जिन्यात थांबून तिने घरी फोन लावला. “ताई, तुझी तक्रार त्याच्यापुढे मीच उघडून ठेवली होती गं. नकळत. आज कळलं.”

तिने जिन्याचा कठडा घट्ट धरला.

“पुरावा आहे?” ताईने विचारलं.

“आहे. खाली त्याची सही आहे.”

“मग मी येते. तुझ्याशी नंतर बोलेन.”

समितीच्या अध्यक्षबाईंनी तेविसावं पान आणि साहेबांचा जुना जबाब शेजारी शेजारी ठेवला. दोन्हींवरच्या सह्या बोटाने ताडून पाहिल्या. मग चष्मा काढला.

“ही परवानगी दिली कोणी?”

“मी.”

“मग यात तुम्हीही अडकणार. नोकरी जाऊ शकते.”

“जाऊ दे, बाई.”

अध्यक्षबाईंनी टेबलासमोरच्या खुर्चीकडे हात केला. “बसा. साहेबांना बोलावते.”

ती बसली नाही. खुर्चीवरच्या फाइली उचलून तिने खिडकीत ठेवल्या, ओढणीच्या टोकाने बैठक पुसली.

“ही ताईसाठी राहू दे, ती निघालीय,” ती म्हणाली. “मी उभी राहते. साहेब माझ्या शेजारी उभे राहतील.”