सावली किती वाजता सरते

“हितं परवडायचं न्हाय, मालक,” सोलरची पाहणी करायला आलेला विरेश टेप गुंडाळत म्हणाला. “नऊ वाजले तरी निम्म्या गच्चीवर शेजारच्या इमारतीची सावली. घातलेला पैसा निघणार न्हाय. त्यापेक्षा बोर्डाची लाईटच स्वस्त.”

घरमालक सिद्धलिंगप्पांचा चेहरा पडला.

पलीकडे जगदेवी जुन्या लुगड्यावर कुरडया घालत होती. नवरा गेल्यापासून बारा वर्षं तिचं पोट आणि खालच्या खोलीचं भाडं याच गच्चीवर निघत होतं. तिच्या कुरडया-सांडग्यांना पार अकलूजपर्यंत गिऱ्हाईक होतं. विरेशचं बोलणं ऐकून तिला हसू आलं. गच्ची काय एका सकाळीत कळते?

“मावशी, तुमी रोज हितं असता. सावली कधी सरती?” विरेशनं सहज विचारलं.

मीठ किती घातलं, यापलीकडे तिला आजवर कुणी काही विचारलं नव्हतं. जगदेवी हात पुसून उठली.

“साडेनवाला सरती. थंडीत दहाला. मग दिस मावळंस्तोवर तीळभर सावली न्हाय. टाकीची पडती, ती पण रस्त्याकडं. पावसाळ्यात उघडीप मिळाली की हितं पापड वाळवते मी.”

बसवतील शेजाऱ्यांच्या उन्हावर पाणी तापवायच्या बंबासारखं टाकीजवळ काहीतरी, असं तिला वाटलं. मालकाचं भलं झालं तर बरंच.

विरेशनं मोबाइलवर पुन्हा आकडे घातले आणि मालकांना दाखवले. “मग चार-पाच वर्षांत पैसा वसूल. पुढं वीस वर्षं ऊन फुकट. फक्त गच्ची सगळी लागंल.” तो खडूनं रेघ ओढत निघाला. रेघ लुगड्यापाशी येऊन थांबली. “मावशी, एवढं उचला की.”

ओल्या कुरडया उचलता येत नाहीत, तुटतात. जगदेवीनं लुगडं उचललं नाही. आपल्या हातानं तिनं पायावर धोंडा मारून घेतला होता. या शहरात तिला दुसरी गच्ची कोण देणार होतं?

“मालक, वाळवण कुटं घालू मी आता?”

सिद्धलिंगप्पा काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी खरोखर विचार केला.

“वाळवायचं मशीन घे की, जगदेवक्का. तुझे उपकार मी विसरायचो न्हाय. लाईट माझ्याकडनं घे. बोर्डापेक्षा युनिटमागं रुपया कमी लावतो.”