मधलं अंतर

विजयश्रीने पक्ष्यांच्या फोटोंसाठी छोटा कॅमेरा घेतला होता. मंठाळच्या शेतातल्या घराच्या गच्चीवरून ती त्याचा झूम तपासत होती. घरापुढच्या कडब्याच्या गंजीपलीकडे, समोरच्या चढावर आई तुरीच्या शेंगा तोडत होती. मधलं अंतरच पुसून जावं, तशा तिच्या हातातल्या बांगड्यासुद्धा स्क्रीनवर स्पष्ट दिसत होत्या.

"अण्णा, बघ तरी, किती साफ दिसायलंय!" असं भावाला, तानाजीला, म्हणता म्हणता तिने कॅमेरा त्याच्यापुढे धरला. स्क्रीनवर आईच्या पदराला खेटूनच गवतातून बिबट्याचं डोकं वर आलं होतं.

तानाजीने स्क्रीन पाहिली, काठी उचलली आणि जिना उतरून तो चढाच्या दिशेने धावत सुटला. विजयश्रीने आईला फोन लावला. रिंग वाजतच राहिली. अखेर आईने कमरेचा फोन काढून कानाला लावला.

"आई, ओरडू नको, हलू नको. तुझ्या शेजारी बिबट्या हाय."

आईने हळूच आजूबाजूला पाहिलं. मग खाली घराकडे पाहिलं आणि ती किंचाळली.

"माझ्यापाशी काई न्हाई गं! त्यो आपल्या कडब्याच्या गंजीपुढं बसलाय. तानाजीला माघारी बोलीव!"